डॉ. ताकाशी नागाई : नागासाकीचे किरणतज्ज्ञ

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र द्यावे असा प्रघात आहे. बहुधा ती व्यक्ती आपल्या समाजातील, निदान आपल्या देशातील असते. या वर्षी मी एका जपानी डॉक्टरांविषयी लिहीत आहे. त्याला कारण वर्गात घडलेला एक प्रसंग आहे. दुसऱ्या महायुद्धाचा धडा चालू होता. हिरोशिमा, नागासाकी, तारखा, मृतांचे आकडे असे सगळे नेहमीप्रमाणे फळ्यावर लिहून झाले. तेवढ्यात मागच्या बाकावरील एका मुलीने उभे राहून विचारले की, बाँब पडल्यानंतर तिथे जे डॉक्टर वाचले असतील त्यांनी सर्वांत आधी कोणाला तपासले? मी इतिहासाचा शिक्षक. मजजवळ उत्तर नव्हते. ते शोधता शोधता डॉ. नागाई यांचे चरित्र हाती आले आणि पुढे कित्येक दिवस मनातून गेले नाही.

ताकाशी नागाई यांचा जन्म ३ फेब्रुवारी १९०८ रोजी जपानच्या शिमाने प्रांतातील मात्सुए या गावी झाला. आजोबा झाडपाल्याची पारंपरिक औषधे देणारे वैद्य, तर वडील पाश्चात्त्य पद्धतीचे वैद्यक शिकलेले खेड्यातील डॉक्टर. आई सामुराई घराण्यातील, करारी स्वभावाची. पाच भावंडांत ताकाशी थोरले. १९२८ साली ते नागासाकीच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. उंचेपुरे, खेळाची आवड असलेले, हुशार, आणि त्या वयाच्या अनेक हुशार मुलांप्रमाणे डोळ्यांना दिसते तेवढेच खरे मानणारे. १९३० साली आई मेंदूतील रक्तस्रावाने अत्यवस्थ झाल्याची वर्दी आली आणि ते धावत घरी गेले. आईची वाचा गेली होती. तिने मुलाकडे टक लावून पाहिले आणि थोड्याच वेळात प्राण सोडला. त्या नजरेने आपली जुनी मते मुळासकट हलवली, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

नागासाकीत ते उराकामी या भागात मोरियामा नावाच्या कुटुंबाकडे राहू लागले. घरमालक गुरांचे व्यापारी होते. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी असताना सुमारे अडीचशे वर्षे उराकामीच्या लोकांनी आपली श्रद्धा लपूनछपून, पिढ्यान्‌पिढ्या जपली होती. त्या गुप्त समुदायाचे पुढारीपण ज्या घराण्याकडे होते, तेच हे मोरियामा कुटुंब. या घरात नागाई यांची ओळख मिदोरी या मुलीशी झाली. पुढे १९३४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला व त्याच वर्षी तिच्याशी विवाह केला.

मधल्या काळात एक दुर्दैवी घटना घडली. १९३२ मध्ये पदवी मिळण्याच्या सुमारास त्यांना कानाचा व त्यातून मेंदूज्वराचा तीव्र विकार झाला. जीव वाचला, पण उजवा कान जवळजवळ निकामी झाला. स्टेथोस्कोप लावून छातीचे ठोके ऐकणे ज्याला नीट जमणार नाही, त्याने वैद्यकात करायचे तरी काय? त्यांनी क्ष-किरण विभाग पत्करला. त्या काळी हा विभाग म्हणजे दुय्यम प्रतीची जागा समजली जाई. किरणांचा धोका माहीत होता, परंतु त्यापासून बचावाची साधने अपुरी होती. आपले पालक मुलाला वैद्यकीयला प्रवेश मिळाला तरी हवी ती शाखा मिळाली नाही म्हणून हिरमुसतात, तेव्हा मला हा कान आठवतो.

यानंतर १९३३ मध्ये मांचुरियात आणि १९३७ ते १९४० चीनमध्ये अशी दोनदा लष्करात वैद्यकीय सेवा झाली. रणांगणावर जखमींची वर्गवारी कशी करावी लागते हे त्यांना तिथे शिकावे लागले. डॉक्टर एक, जखमी शंभर. कोण थांबू शकतो, कोण थांबू शकत नाही, आणि कोणासाठी आता काहीच करता येणार नाही, हे क्षणात ठरवायचे. या वर्गवारीला ट्रायाज म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, आणि ही पद्धत रुळवण्याचे श्रेय बहुधा नेपोलियनच्या सैन्यातील शल्यवैद्य लारे यांना दिले जाते. लारे यांनी हुद्दा न पाहता जखम पाहून क्रम लावला, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती.

१९४० मध्ये परतल्यावर नागाई यांनी पुन्हा क्ष-किरण विभाग सांभाळला. क्षयरोग जपानभर पसरला होता. युद्धामुळे फिल्म मिळेनाशी झाली. तेव्हा रुग्णाला यंत्रासमोर उभे करून पडद्यावर डोळ्यांनी थेट पाहणे एवढाच मार्ग उरला. अशा तपासणीत किरणांचा मारा डॉक्टरांवरही होतो. दिवसामागून दिवस, रांगेमागून रांग ते तपासत राहिले. जून १९४५ मध्ये त्यांच्या रक्ताची तपासणी झाली तेव्हा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, असल्याचे निष्पन्न झाले. आयुष्य साधारण तीन वर्षे उरले असे सांगण्यात आले. वय अवघे ३७. घरी येऊन त्यांनी पत्नीला सर्व सांगितले. तिने ते धीराने ऐकून घेतले. परंतु ८ ऑगस्टला कामावर निघालेले नागाई विसरलेला जेवणाचा डबा घ्यायला परत आले, तेव्हा ती दाराशी बसून रडताना त्यांना दिसली. त्यानंतर त्यांनी तिला जिवंत पाहिले नाही.

९ ऑगस्ट १९४५. त्या दिवशीचे अमेरिकी विमान खरे तर कोकुरा शहरावर जायचे होते. तिथे खाली काही दिसेना म्हणून ते नागासाकीकडे वळले. सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी प्लुटोनियमचा बाँब उराकामीवर सुमारे ५०० मीटर उंचीवर फुटला. वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय तिथून जेमतेम ७०० मीटरवर. वर्षअखेरपर्यंत नागासाकीत सुमारे ७४,००० माणसे मरण पावली. महाविद्यालयाचे शिक्षक, विद्यार्थी, परिचारिका व कर्मचारी मिळून सुमारे ९०० जण गेले. लाकडी इमारतीत तास चालू होते. तेथील विद्यार्थी बाकांवरच संपले. शाळेत तास घेणाऱ्या माणसाला हे वाक्य लिहिताना थांबावे लागते.

नागाई काँक्रीटच्या इमारतीत विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी क्ष-किरणांच्या फिल्मा निवडत बसले होते. काचांच्या तुकड्यांनी त्यांची उजवी बाजू चिरली आणि कानशिलाजवळची रोहिणी तुटली. ढिगाऱ्याखालून त्यांना सहकाऱ्यांनी बाहेर काढले. विभागातील यंत्रे मोडली होती, औषधे नष्ट झाली होती, आणि दारात जखमी येऊन पडत होते. जखमेवर दाबून बांधलेल्या फडक्यातून रक्त येत असतानाच त्यांनी उरलेल्या डॉक्टर-परिचारिकांना एकत्र केले. हाताशी होते तेवढ्या सामानात मलमपट्टी सुरू झाली. पण आग रुग्णालयाकडे सरकू लागली. तेव्हा जखमा बांधण्यापेक्षा, ज्यांना स्वतः हलता येत नाही अशा रुग्णांना बाहेर काढणे हे पहिले काम ठरले. पाठीवर, स्ट्रेचरवर, जमेल तसे त्यांना मागच्या टेकडीवर नेण्यात आले. विखुरलेल्या लोकांना एक ठिकाण दिसावे म्हणून नागाई यांनी एका पांढऱ्या चादरीवर रक्ताने तांबडा गोल काढून झेंडा उभारला. शेवटी रक्तस्रावाने ते स्वतःच कोसळले. सहकारी शल्यचिकित्सकांनी कशीबशी रोहिणी बांधून रक्त थांबवले.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळते. आधी आग, श्वास आणि रक्तस्राव, मग बाकीचे. परंतु उरलेले अर्धे उत्तर त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हते, अगदी किरणांचा तज्ज्ञ असलेल्या नागाई यांनाही. तो अणुबाँब होता हे त्यांना दुसऱ्या दिवशी विमानातून टाकलेल्या पत्रकावरून समजले.

घर रुग्णालयापासून लांब नव्हते. मिदोरीमध्ये सरपटत येण्याइतका जरी जीव असता तरी ती आली असती, ती आली नाही याअर्थी ती नाही, असे त्यांनी पहिल्या दिवशीच मनाशी ताडले होते. तरी ते गेले नाहीत. ११ ऑगस्टला घराच्या जागी पोहोचले तेव्हा स्वयंपाकघराच्या राखेत तिच्या थोड्या अस्थी आणि शेजारी वितळलेली जपमाळ सापडली. अस्थी त्यांनी एका बादलीत गोळा केल्या. मुलगा व मुलगी बाँबच्या आधीच आजीबरोबर डोंगरातील खेड्यात पाठवलेली होती, म्हणून वाचली. आमच्या शिक्षक-खोलीत या प्रसंगावर बराच वाद झाला. आमच्या एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या की, बायकोदेखील त्या दिवशी एक जखमी माणूसच होती, तिला रांगेत शेवटी का ठेवले? मी डॉक्टरांच्या कर्तव्याविषयी बोलू लागलो, पण बाईंचे समाधान करू शकलो नाही. खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. स्वतः नागाईही हे ओझे शेवटपर्यंत विसरले नाहीत, असे त्यांच्या लिखाणावरून दिसते.

१२ ऑगस्टपासून त्यांच्या पथकाने शहराबाहेरील मित्सुयामा या डोंगराळ भागात उपचार केंद्र उघडले. ते ५८ दिवस चालले. वाचलेले लोक तिथल्या वाड्यांमध्ये आसऱ्याला आले होते. डोक्याला पट्ट्या बांधलेले हे डॉक्टर व परिचारिका पायी घरोघर फिरत. आणि तिथे त्यांना उत्तराचा दुसरा भाग हळूहळू दिसू लागला. भाजलेले, कापलेले लोक तर मरत होतेच. परंतु ज्यांच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, ज्यांनी इतरांना खांद्यावर वाहून नेले होते, अशी माणसेही एक-दोन आठवड्यांनी अंथरूण धरू लागली. आरंभी ओकाऱ्या व जुलाब, मग काही दिवस बरे वाटणे, नंतर अचानक ताप, केस गळणे, हिरड्यांतून रक्त, कातडीवर जांभळे ठिपके, आणि शेवट. रक्तातील पांढऱ्या पेशी नाहीशा होत होत्या. जो माणूस सर्वांत ठणठणीत दिसतो तोच कदाचित सर्वांत आजारी असतो, ही गोष्ट रणांगणावरच्या वर्गवारीत कुठेच नव्हती.

हाती औषध जवळजवळ नव्हते. विश्रांती, आहार, जीवनसत्त्वे, यकृताचा अर्क, खनिजयुक्त पाण्याने स्नान, रुग्णाचेच थोडे रक्त काढून त्याच्या स्नायूत टोचणे, असे जे सुचेल ते त्यांनी केले. यांतील शेवटच्या दोन उपायांना आजचे वैद्यक महत्त्व देत नाही. सप्टेंबरात नागाई यांची स्वतःची जखम पुन्हा वाहू लागली आणि ते मरणाच्या दारातून परत आले. पण त्या दिवसांत त्यांनी एक काम असे केले की ज्यासाठी त्यांचे नाव घ्यावे. त्यांनी नोंदी ठेवल्या. कोण किती अंतरावर होता, भिंतीच्या आड होता की उघड्यावर, पहिले लक्षण केव्हा दिसले, कोणत्या दिवशी काय झाले, कोण वाचला. ऑक्टोबरमध्ये त्यांनी या सर्वांचा अहवाल लिहून महाविद्यालयाला सादर केला. तो कित्येक वर्षे अप्रकाशित राहिला.

आज जगभर किरणोत्सर्गाच्या आपत्तीत वर्गवारी कशी करावी याचे नियम ठरलेले आहेत. ते हिरोशिमा-नागासाकीच्या आणि पुढील अनेक अपघातांच्या अनुभवातून घडले. पालकांनी ते समजून घ्यावेत, कारण आपल्या राज्यात तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे आणि किरणोत्सर्गी द्रव्ये रुग्णालयांत व कारखान्यांतही वापरली जातात. पहिली गोष्ट अशी की, किरण अंगावर पडणे वेगळे आणि किरणोत्सर्गी धूळ अंगाला लागणे वेगळे. क्ष-किरणांचा फोटो काढल्याने जसा माणूस स्वतः किरण फेकू लागत नाही, तसा बाहेरून किरणांचा मारा झालेला रुग्णही इतरांना अपाय करीत नाही. धूळ लागलेला माणूस मात्र ती पसरवू शकतो. तरीसुद्धा जीव धोक्यात असेल तर आधी श्वास, रक्तस्राव व जखम पाहायची, यंत्राने मोजणी व आंघोळ नंतर. बाहेरचे कपडे काळजीपूर्वक उतरवले की बहुतेक धूळ त्यांच्याबरोबरच जाते. उरलेली कोमट पाणी व साबणाने धुवायची, कातडी घासून सोलायची नाही. डॉक्टरांनी मुखपट्टी, हातमोजे व अंगरखा घातला तर अशा रुग्णापासून त्यांना सहसा धोका नसतो.

दुसरी गोष्ट नागाई यांच्या नोंदींतलीच. धडधाकट दिसणाऱ्याला घरी पाठवून विसरायचे नाही. किरणांचा मारा झाल्यावर किती वेळाने ओकारी झाली हे विचारतात. तासाभरातच झाली असेल तर मारा बहुधा मोठा असतो, अर्थात भीतीनेही ओकारी होते हे लक्षात ठेवूनच. मग दोन दिवस ठरावीक तासांनी रक्त तपासून पांढऱ्या पेशींपैकी लिंफोसाइट किती वेगाने घटतात ते पाहतात. शस्त्रक्रिया करायची असल्यास ती शक्यतो पहिल्या ३६ ते ४८ तासांत उरकतात, कारण पुढे शरीराची जखम भरण्याची शक्ती ओसरते. मित्सुयामात जे डोळ्यांनी पाहून, मृत्यू मोजून कळले, ते आज रक्ताच्या काही थेंबांवरून आधीच कळते.

आणि भीतीचे काय? १९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया शहरात भंगारवाल्यांच्या हाती एका बंद पडलेल्या रुग्णालयीन यंत्रातील सीझियम लागले. तिथल्या फुटबॉल मैदानात सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी करावी लागली. धूळ लागलेले निघाले २४९ आणि मृत्यू झाले चार. म्हणजे बाकी सारे लोक भीतीपोटी रांगेत होते, आणि त्यांनाही कोणीतरी शांतपणे तपासणे भाग होते. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्टने एकाचा बळी घेतला. आपल्या समाजातही भंगाराचा व्यवसाय करणारे बंधू आहेत, म्हणून ही दोन्ही उदाहरणे मुद्दाम दिली. अनोळखी जड शिशाचे भांडे फोडू नये, एवढे तरी त्यांच्यापर्यंत पोहोचावे. मार्च २०११ मध्ये जपानमध्येच फुकुशिमाचे अणुकेंद्र बिघडले. किरणांच्या तीव्र माऱ्याने तिथे एकही नागरिक दगावला नाही, परंतु जवळच्या रुग्णालयातील व शुश्रूषागृहातील वृद्ध रुग्णांना घाईघाईने, पुरेशा वैद्यकीय सोबतीविना बसमधून तासन्‌तास हलवले, आणि त्यांतले सुमारे ५० जण वाटेत किंवा पोहोचल्यावर लवकरच मरण पावले. १९४५ साली जळत्या इमारतीतून रुग्णांना पाठीवर वाहून नेणाऱ्या देशात हे घडले. त्याच महिन्यात मदतीसाठी फुकुशिमाला गेलेल्या डॉक्टरांत नागासाकी विद्यापीठाचे पथकही होते. नागाई यांचे महाविद्यालय आज याच विद्यापीठाचा भाग आहे.

पुन्हा चरित्राकडे येतो. उराकामीत ७५ वर्षे गवताचे पातेही उगवणार नाही अशी वार्ता पसरली होती. नागाई यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये त्याच राखेत फळकुटे व पत्रे जोडून खोपटे उभारले आणि तिथे राहू लागले. मुंग्या दिसल्या, गांडुळे दिसली, गवत उगवले. ते सर्व त्यांनी टिपले आणि माणसांनी परत यायला हरकत नाही असे सांगितले. बाँब हवेत उंचावर फुटल्यामुळे जमिनीवरील किरणोत्सर्ग झपाट्याने उतरला होता, हे आज सर्वांना माहीत आहे. त्यांनी ते मुंग्यांकडून जाणून घेतले.

जुलै १९४६ मध्ये ते नागासाकी स्थानकाजवळ कोसळले आणि त्यानंतर अंथरुणावरून उठले नाहीत. १९४८ साली गावकऱ्यांनी त्यांना दोन चटयांएवढी एक खोली बांधून दिली. आपल्याप्रमाणेच शेजाऱ्यावर प्रेम करावे, या अर्थाचे न्योकोदो हे नाव त्यांनी तिला दिले. पोट फुगलेले, पाठीवर पडलेले, वर धरलेल्या फळीवर कागद ठेवून ते लिहीत. नागासाकीच्या घंटांविषयीचे त्यांचे पुस्तक १९४६ मध्येच लिहून झाले होते. अमेरिकी अंमलदारांनी ते अडवून ठेवले आणि जानेवारी १९४९ मध्ये, जपानी सैन्याने मनिलात केलेल्या अत्याचारांची हकीकत पुरवणीदाखल जोडूनच, छापू दिले. पुस्तकाचा खप प्रचंड झाला, त्यावर चित्रपटही निघाला. त्यांनी उजाड उराकामीत चेरीची १००० रोपे लावविली आणि मुलांसाठी वाचनालय काढले. १९४८ मध्ये हेलन केलर आणि १९४९ मध्ये खुद्द जपानचे सम्राट त्यांना भेटून गेले.

त्यांची एक गोष्ट मात्र मला पटत नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये उद्ध्वस्त चर्चच्या आवारात मृतांसाठी झालेल्या प्रार्थनासभेत त्यांनी असा विचार मांडला की, युद्ध थांबावे म्हणून ईश्वराने उराकामीला पवित्र बळी म्हणून निवडले. आप्त गमावलेल्यांना त्यातून धीर मिळाला असेल. पण जपानमधील अनेकांनी पुढे यावर टीका केली, आणि ती योग्यच वाटते. अल्लाहच्या मर्जीवर श्रद्धा आपलीही आहे. म्हणून बाँब टाकणाऱ्याचा आणि युद्ध लांबवणाऱ्याचा हिशेब मिटत नाही. अहवाल लिहिणाऱ्या नागाई यांनी अंतर, भिंती, दिवस मोजले. भाषण करणाऱ्या नागाई यांच्या हातात त्या दिवशी बादलीतल्या अस्थींखेरीज काही नव्हते. मी पहिल्या नागाई यांच्या पाठीमागे उभा राहीन.

ल्युकेमिया अखेरच्या टप्प्यात कसा दिसतो हे विद्यार्थ्यांना पाहता यावे म्हणून, शेवट जवळ आल्यावर त्यांनी स्वतःच विद्यापीठाच्या रुग्णालयात हलवण्यास सांगितले. १ मे १९५१ रोजी त्यांना तिथे नेले आणि त्याच रात्री त्यांचे निधन झाले. वय ४३ वर्षे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या इच्छेप्रमाणे शवविच्छेदन झाले. निरोगी माणसाची प्लीहा दीडदोनशे ग्रॅमची असते, त्यांची ३,४१० ग्रॅम भरली. यकृत ५,०३५ ग्रॅम. आकडे टिपून घेण्यात आले. नंतर त्यांना सकामोतो येथील दफनभूमीत मिदोरीच्या शेजारी पुरण्यात आले.